तेराशे अंश

गॅस टॉर्चच्या खोक्यावर सगळ्यात ठळक काय छापलेलं असतं, तर '१३०० अंश सेल्सिअस'. टॉर्च पेनाएवढी असो नाहीतर पिस्तुलाच्या घाटाची, दोनशे रुपयांची असो नाहीतर दोन हजारांची, आकडा तोच. गिऱ्हाईक तो वाचतं, त्याच्या डोळ्यांपुढून तोफा, भट्ट्या, रणगाडे असं काहीबाही तरळून जातं आणि हात पाकिटाकडे वळतो. आता ही खरेदी ज्यासाठी चाललेली असते ते काम काय, तर पितळेच्या पातळ पत्र्याचे दोन तुकडे सोल्डरने जोडायचे. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेलं सोल्डर १८३ अंशांना वितळतं. म्हणजे खोक्यावरचे हजाराहून जास्त अंश आपल्या उपयोगाचे नाहीतच. पैसे मात्र त्यांचेही मोजायचे.

पितळेची मॉडेल्स करणारी जमात छोटी आहे, पण चिवट आहे. ब्रिटनमध्ये या छंदाची मोठी परंपरा. तिथे रसायनाने कोरलेले पितळी पत्रे पाकिटात घालून विकतात. जाडी पाव-अर्धा मिलिमीटर. त्यातले भाग सोडवायचे, वाकवायचे आणि जोडजोडून आगगाडीचं इंजिन उभं करायचं. आपल्याकडे या रोगाची लागण बहुधा पुण्यात कोथरूडच्या बाजूला होते, जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात. आजोबा नातवाला घेऊन तिथे जातात. नातू बाहेर आल्यावर आइस्क्रीम मागतो आणि झालं गेलं विसरून जातो. आजोबा विसरत नाहीत.

आमच्या सोसायटीतले काका असेच एक न विसरलेले आजोबा. त्यांनी करायला घेतला तो थेट खेकडा, म्हणजे डब्ल्यूसीजी-१ हे विजेचं इंजिन. जीआयपी रेल्वेने भोरघाटात मालगाड्या चढवण्यासाठी १९२८ च्या सुमारास हे धूड आणलं. आराखडा स्विस. काही इंजिनं विंटरथूरच्या कारखान्यात बांधली, काही इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत. मधे खोली, दोन्ही अंगांना लांब नाकाडं आणि ही तिन्ही सांध्यांवर हलणारी, त्यामुळे घाटातल्या वळणावर ते अंगाला पीळ देत जायचं. नुसतं उभं असलं तरी कण्हायचं. रेल्वेच्या लोकांनी त्याचं नाव खेकडा ठेवलं ते काही उगीच नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात एक जपून ठेवलाय, पण काकांनी तो लहानपणी कर्जतला चालता-कण्हता पाहिलेला. सत्त्याऐंशी पटींनी लहान केला की खेकडा वीतभर होतो. वीतभर खेकड्यात जोड किती, हे पत्रा कापायच्या आधी कुणीही मोजत नाही. मोजलं तर कुणी कापणारच नाही.

पत्रा मिळाला, तार मिळाली, कानशी घरात होत्याच. राहिली टॉर्च. काका मला सोबत घेऊन बोहरी आळीत गेले. सोबतीला माणूस न्यायचा तो सल्ल्यासाठी नव्हे, घरी गेल्यावर साक्षीला.

"कशाला पाहिजे, काका?" शेठने विचारलं.

"पितळ जोडायचंय. नाजूक काम आहे."

"मग ही न्या. तेराशे डिग्री."

"आणि ती?"

"तीपण तेराशे."

"मग दोन्हींत फरक काय?"

"ही दोनशे ऐंशी, ती नऊशे."

यापुढे शास्त्रीय चर्चा संपली. काकांनी चष्मा कपाळावर चढवून दोन्ही खोकी उलटसुलट करून पाहिली. खोक्याच्या मागच्या बाजूला एका बाईचं चित्र होतं, ती हसत हसत सिगारेट, केक आणि तुंबलेला नळ या तिघांवर एकाच टॉर्चने काम करत होती. खेकड्याबद्दल काही नव्हतं.

खरी गोम अशी की किती गरम हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं ते किती उष्णता आणि किती वेळात. मेणबत्तीच्या ज्योतीतसुद्धा हजार अंशांच्या वर तापमान असतं, म्हणून मेणबत्तीवर आंघोळीचा बंब तापवायला कुणी बसत नाही. पितळ तर या बाबतीत भलतंच दानशूर. पोलादाच्या दुपटीहून चांगलं ते उष्णता वाहून नेतं. एका कोपऱ्याला दिलेली ऊब क्षणात सगळ्या पत्र्याला वाटून मोकळं होतं आणि तुमचा कोपरा थंडचा थंड. चिरंजीवांनी कॉलेजात रेडिओ करण्यासाठी घेतलेलं पंचवीस वॉटचं सोल्डरिंग आयर्न काकांनी आधी लावून पाहिलं होतं. रेडिओच्या तारेला पुरणारी ती ऊब खेकड्याच्या तळपट्टीने अशी गिळली की आयर्नच थंड पडलं. सोल्डर टोकावर बोंडासारखं लोंबत राहिलं आणि पत्र्याला काही चिकटेना.

टॉर्चची पाळी येते ती इथे. आणि इथेच नव्या माणसाला वाटतं की काम नाजूक, तर ज्योतही नाजूक घ्यावी. पेनाएवढी टॉर्च, सुईएवढी ज्योत. दिसायला फार गोजिरवाणी. ती सांध्यावर धरली की सांधा तापायला वेळ लागतो, आणि तो तापेपर्यंत उष्णता निवांतपणे शेजारीपाजारी जाऊन येते. शेजारी म्हणजे कालचे, परवाचे, मागच्या रविवारचे सगळे जोड. उभा दांडा बसवायला घेतला की छत सुटतं. छत बसवलं की मागची पायरी निखळते. पायरी उचलायला चिमटा लावावा तर उभा दांडा हातात येतो. खेकड्याला एरवी सहा आकडी फेऱ्या मारून जे जमलं नसेल ते, म्हणजे संपूर्ण विघटन, एका संध्याकाळी घडू शकतं. म्हणून जाणकार उलटं करतात. ज्योत जरा दांडगी घेतात, झटकन सांधा तापवतात, सोल्डर वाहिलं रे वाहिलं की ज्योत बाजूला. उष्णतेला शेजारी जायला वेळच द्यायचा नाही. आधीच्या जोडांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवायचे. ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसलेच, फक्त पेशंट पितळेचा.

ब्रिटिश मंडळींनी यावर आणखी एक तोड काढली आहे. त्यांच्याकडे सोल्डरच्या पायऱ्या मिळतात. पहिला जोड २९६ अंशांच्या सोल्डरने, पुढचा २२१ च्या, मग १८८, मग १४५. प्रत्येक नवा जोड आधीच्यापेक्षा कमी तापमानाला होतो, म्हणून जुना सुटत नाही. सगळ्यात खालच्या पायरीवर बिस्मथ घातलेलं सत्तर अंशांचं सोल्डर, ते मऊ धातूच्या ओतीव भागांसाठी. कडक उकळत्या चहात ते वितळतं. हे काकांनी घरी कौतुकाने सांगितलं, तेव्हापासून काकू चहा गाळताना त्यांना स्वयंपाकघरात फिरकू देत नाहीत. आपल्याकडच्या दुकानात असं पायरीपायरीचं सोल्डर मागितलं तर एकच प्रश्न येतो, "जाड देऊ की बारीक?"

टॉर्च घ्यायचीय ही बातमी फुटली की सल्लागार गोळा होतात, आणि प्रत्येकाला आपलंच हत्यार जगातलं एकमेव वाटतं. पहिला आला एसी दुरुस्त करणारा पोरगा. "काका, कशाला खर्च करता? माझी गन आणतो, दोन मिनिटांत जोडून देतो." तो तांब्याच्या नळ्या जोडतो त्या सातशे-आठशे अंशांना. त्याच्या ज्योतीची गर्जना ऐकूनच समोरच्या विंगेतलं कुत्रं कॉटखाली जातं. त्या ज्योतीपुढे पाव मिलिमीटरचा पत्रा धरला तर दोन मिनिटं लागणारच नाहीत. पत्रा आधी लाल होईल, त्याचा कडकपणा कायमचा जाईल, मग कड गोळा होऊन खाली टपकेल. शिवाय पितळातलं जस्त ९०७ अंशांना उकळतं. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. पितळेचं ओतकाम करणाऱ्या कारागिरांना हा ताप चांगला ठाऊक असतो. वीतभर इंजिनासाठी एवढी किंमत मोजण्याची गरज नाही.

दुसरा सल्लागार सोनार. खरं तर या विषयातला अधिकारी माणूस तोच. पूर्वी सोनार दिव्याच्या ज्योतीत फुंकणीने वारा घालून मण्याएवढ्या कडीला डाग द्यायचे, तेही गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत, म्हणजे ज्योत मधे तुटायला नको. खोक्यावरचा आकडा त्यांनी कधी वाचला नाही. टाकणखार फुगला, बसला, काचेसारखा पाघळला, धातूचा रंग बदलला, एवढ्यावर त्यांना सगळं कळतं. काका सोन्या मारुती चौकाजवळच्या एका पेढीवर खेकड्याचं नाक घेऊन गेले. कारागिराने ते तळहातावर ठेवलं, वजनाचा अंदाज घेतला आणि अतिशय अदबीने विचारलं, "काका, हे सोन्यात का नाही करत?" पितळेसाठी आपली ज्योत पेटवणं त्याला पटेना. पण जाता जाता त्याने एक गोष्ट सांगितली, ती सगळ्या खोक्यांवरच्या मजकुरापेक्षा मोलाची होती. ज्योतीच्या आत एक गडद निळा सुळका असतो, त्याच्या टोकाच्या किंचित पुढे खरी धग. सुळकाच धातूला टेकवला तर ज्योत गुदमरते, काजळी धरते आणि काम लांबतं. नवशिके नेमके टॉर्च जवळ जवळ नेत राहतात. जवळ म्हणजे जास्त गरम, असं त्यांना वाटतं.

तिसरी सल्लागार काकांची पुतणी, केक-पेस्ट्री करून विकणारी. तिच्याकडे गोड पदार्थावरची साखर जाळून करपवायची टॉर्च होती. स्वयंपाकघरातली म्हणून काकांनी तिच्याकडे आधी ढुंकूनही पाहिलं नाही. रणगाडे डोळ्यांपुढे आलेल्या माणसाला कस्टर्डची टॉर्च दाखवणं हा अपमानच. पण माझं प्रामाणिक मत विचाराल तर या कामाला टॉर्च असावी ती अशीच. बूड रुंद, त्यामुळे टेबलावर आपल्या पायावर उभी राहते आणि दोन्ही हात मोकळे. एका हातात चिमटा, दुसऱ्यात सोल्डर. चाप दाबून धरावा लागत नाही, खटका सरकवला की ज्योत चालू राहते. ज्योत लहानमोठी करता येते आणि हवेची फिरकी वेगळी. बोहरी आळीतल्या त्या नऊशेच्या टॉर्चला यांतलं एकही नव्हतं. होते ते तेराशे.

घेण्याआधी दुकानात पेटवून पाहावी म्हणाल तर ते होत नाही. टॉर्च रिकामी येते, गॅसचा डबा वेगळा घ्यावा लागतो, आणि दुकानदार म्हणतो, "घरी जाऊन बघा." ठिणगीचा चाप तेवढा दाबून बघता येतो. टक टक आवाज आला की गिऱ्हाईक खूश. स्फटिक दाबला की वीज निर्माण होते हे जॅक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. एवढ्या थोर शोधाचा हा स्वस्तातला अवतार टॉर्चमध्ये सगळ्यात आधी निकामी होतो. मग स्वयंपाकघरातला लायटर अधूनमधून बेपत्ता व्हायला लागतो आणि घरात शोधमोहिमा निघतात.

गॅस हा आणखी वेगळा अध्याय. या टॉर्चमध्ये असतो ब्युटेन. तो शून्याच्या खाली अर्ध्या अंशाला उकळतो, म्हणजे त्याहून थंड हवेत तो द्रवच राहतो आणि टॉर्च रुसते. पुण्याची थंडी पुणेकर सांगतात तेवढी खरोखर असती तर डिसेंबरात शहरातली एक टॉर्च पेटली नसती. भरायची रीत अशी की आधी आत उरलेला वायू सोडायचा, टॉर्च उलटी धरायची, डबा तिच्या बुडावर उलटा उभा दाबायचा आणि फुस्स आवाज थांबला की सोडून द्यायचं. मग काही मिनिटं गप्प बसायचं. शेवटची पायरी पाळणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही. भरताना थोडा गॅस सांडतोच, आणि ब्युटेन हवेपेक्षा जड असल्याने तो वर न जाता जमिनीलगत पसरतो. म्हणून हा विधी बाल्कनीत उरकावा. देवघरात निरांजन लावलेलं असताना त्याच्यासमोर पाटावर बसून उरकू नये. काकूंनी हे काकांना सांगितलं ते भौतिकशास्त्राचा आधार न घेता, आणि जास्त परिणामकारक शब्दांत.

गंमत म्हणजे त्याच घरात ओट्याखाली १४.२ किलोचं सिलिंडर सुखाने नांदत असतं. त्याच्याकडे कुणी मान वळवून बघत नाही. टॉर्चमध्ये जेमतेम मूठभर शेंगदाण्यांच्या वजनाचा गॅस, तर सोसायटीचे सेक्रेटरी दार वाजवून विचारतात, "अहो, वर काही स्फोटक वगैरे करताय का?" अमेरिकेतल्या भाच्याला चांगल्यातली टॉर्च आणायला सांगावं तर विमानात गॅसचा डबा चालत नाही. तो नुसता फोटो पाठवतो, आणि खाली किंमत रुपयांत लिहितो, म्हणजे आपण पुन्हा विचारू नये.

अशी ज्योत वापरण्याचं वेड माणसाला कुठपर्यंत नेतं हे पाहायचं असेल तर स्वीडनच्या कार्ल रिचर्ड न्यूबर्ग यांच्याकडे पाहावं. हातात धरायचा ब्लोलॅम्प त्यांनी १८८२ पासून बनवून विकला, तो जगभर गेला, त्यावर त्यांचा कारखाना उभा राहिला. दुसरा कुणी असता तर फॅक्टरीच्या ओसरीत खुर्ची टाकून बसला असता. न्यूबर्ग यांनी १८९७ पासून विमान करायला घेतलं. नाव ठेवलं 'फ्लूगान', म्हणजे माशी. विमानाचं इंजिन वाफेचं, आणि वाफ करायला चार ब्लोलॅम्प, अर्थात स्वतःच्याच बनावटीचे. माशीने छोट्या छोट्या उड्या मारल्या, त्यापुढे काही ती गेली नाही. आजूबाजूचे लोक हसले. कारखान्यात पितळेचे दिवे रांगेने तयार होत असताना मालक मात्र बर्फावर माशी पळवतोय, हे चित्र मला फार आवडतं. काकांना मी ही हकिकत सांगितली तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "चार टॉर्च? गॅसचा खर्च किती?"

शेवटी काकांनी पुतणीची जुनी टॉर्च मागून घेतली. खाली भट्टीची वीट, वर खेकड्याची तळपट्टी. दोन्ही कडा पॉलिश पेपरने लख्ख केलेल्या, सांध्याला फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर वाहायला मदत करणाऱ्या रसायनाचा, ओला पुसट थर. काकांनी ज्योत आधी जाड पट्टीवर फिरवली, पातळ पत्रा सगळ्यात शेवटी, कारण जाड तुकडा तापायला वेळ घेतो आणि दोन्ही एकदमच तयार व्हायला हवेत. फ्लक्स फसफसला, बुडबुडे आले, पाणी उडालं. सोल्डरची तार ज्योतीत धरायची नाही, तापलेल्या धातूला टेकवायची. वितळवायचं काम धातूचं, ज्योतीचं नव्हे. पहिल्यांदा टेकवली तर काहीच नाही. दुसऱ्यांदा टोक जरा मऊ पडलं, राखी रंगाचं ढेकूळ. मग एकदम ते ढेकूळ चकाकलं आणि सांध्याच्या फटीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चांदीची रेघ सर्रकन धावली. पुढे जाऊन वळणावरही वळली. ज्योत बाजूला. दोन-तीन सेकंदांत रेघेवरची चमक मावळली, म्हणजे जोड गोठला. त्या दोन-तीन सेकंदांत फुंकर घालायची नाही, हलवायचं नाही, आणि आतून "अहो, फोन आलाय" अशी हाक आली तरी दचकायचं नाही. काकांना शेवटचं सोडून सगळं जमलं. पट्टी केसभर तिरकी बसली. घाटात तेवढा पीळ खपून जातो.

एक सांगायला हवं, ते काकांना आवडत नाही. खेकड्याचे बहुतेक जोड टॉर्चचे नाहीतच. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेचे दांडे, खिडक्यांच्या चौकटी, दिव्यांच्या कड्या या सगळ्यांना साठ-सत्तर वॉटचं, रुंद टोकाचं सोल्डरिंग आयर्न बरं. ते नेमकं टेकतं, फ्लक्स उडवत नाही, शेजाऱ्यांना त्रास देत नाही. टॉर्च लागते ती तळपट्टी, जाड सांगाडा, चाकांमागचे ठोकळे अशा मोजक्या दांडग्या ठिकाणी. म्हणजे दोन्ही हत्यारं लागतात, आणि जास्त वापर होतो तो ज्याच्या खोक्यावर काहीच भीतिदायक छापलेलं नसतं त्याचा. पण आयर्न घेऊन बाल्कनीत बसलेल्या माणसाकडे समोरच्या इमारतीतून कुणी बघत नाही. निळी ज्योत फुरफुरायला लागली की तीन गॅलऱ्यांत माणसं उभी राहतात. काका त्या वेळी चष्मा कपाळावर चढवतात.

काम झाल्यावर धुणं हा कंटाळवाणा भाग, तो कुणी सांगत नाही. झिंक क्लोराइडचा किंवा फॉस्फोरिक आम्लाचा फ्लक्स सांध्यात राहिला तर तो पुढे पितळ खात बसतो. पुण्यात जून उजाडला की खेकड्याच्या बगलेत हिरवं दिसायला लागतं. म्हणून त्याच दिवशी कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन सगळे कोपरे घासून काढायचे, आणि सोल्डरमध्ये शिसं असतं म्हणून मग स्वतःचे हातही. ब्रश खरंच जुना आहे का, आणि कुणाचा आहे, हे घासायच्या आधी विचारून घ्यावं. काकांनी नंतर विचारलं.